नेढं नसलेल्या सुया

हात्सुएताई कामाला बसल्या की पहिल्यांदा उजवा हात डोक्याकडे नेतात. चिमटीत सुई असते. ती केसांवरून एकदा फिरवायची, म्हणजे केसांचं तेल लागून कापडात सुळकन जाते, ही त्यांची शिवणकामातली जुनी सवय. पण प्रयोगशाळेत डोक्यावर पांढरी टोपी असते. हात टोपीला लागतो, ताई थांबतात, स्वतःशीच "हं" म्हणतात आणि हात खाली घेतात. मी त्याच प्रयोगशाळेच्या कचेरीत सामान मागवायचं काम करते आणि दुपारचा डबा त्यांच्याबरोबर खाते. टोपीला हात लागला नाही असा दिवस मी पाहिलेला नाही.

"ताई, आता तरी विसरा की," मी एकदा म्हटलं.

"डोकं कधीच विसरलंय. हात विसरत नाही, त्याला मी काय करू?"

गंमत अशी की आमच्या प्रयोगशाळेत काम चालतं तेही अशाच न विसरणाऱ्या वस्तूवर. तिला मेमरिस्टर म्हणतात. विजेच्या यंत्रातल्या साध्या तुकड्याला काल काय झालं ते आज ठाऊक नसतं. वीज आली, गेली, संपलं. मेमरिस्टरमधून वीज गेली की त्याच्या आत जरासा फरक पडतो, आणि वीज बंद केली तरी तो फरक तसाच राहतो. पुन्हा पुन्हा बेताची वीज दिली की तो वाट मोकळी करत जातो, उलटी दिली की आवळून घेतो. आपल्या मेंदूतले सांधेही असंच वापरून वापरून शिकतात म्हणे. म्हणून आमचे उबुकाता सर असे बरेच मेमरिस्टर एका चिपवर बसवतात आणि त्यांना शिकवतात. मला सरांनी जेवढं सांगितलं तेवढं मी सांगते, यापलीकडे मला विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी त्या चिपला कलिंगड शिकवत होते. कलिंगडावर टिचकी मारली की पिकलेलं वेगळं वाजतं आणि कच्चं वेगळं. हात्सुएताईंच्या यजमानांची कलिंगडाची शेती आहे. उन्हाळ्यात सरांनी त्यांच्या शेतात बसून शेकडो टिचक्यांचे आवाज भरून आणले, आणि शरदात ते आवाज चिपला ऐकवून ऐकवून शिकवले. यजमान म्हणाले, "जन्मभर कलिंगडं वाजवतोय, मला कुणी भिंगाखाली घेतलं नाही."

"तुम्ही मावला नसता," ताई म्हणाल्या.

आता ताई तिथं काय करतात ते सांगते. चिपला वीज द्यायची आणि तिचं उत्तर घ्यायचं ते सुयांमधून. टंगस्टनच्या, टोकाला दिसेनाशा होणाऱ्या सुया. चिपवर सहा उभ्या तारा आणि सहा आडव्या, कापडातल्या धाग्यांसारख्या, आणि जिथं तार तारेला ओलांडते तिथं एकेक मेमरिस्टर. प्रत्येक तारेच्या टोकाला धातूची इवलीशी चौकट, आणि तिच्यावर एक सुई टेकवायची. भिंगातून बघत, स्क्रू फिरवत. हे ताईंचं काम.

त्या मूळच्या युकीच्या शिवणकामातल्या. युकी म्हणजे आमची प्रयोगशाळा आहे त्या त्सुकुबाहून गाडीनं तासाभरावरचं रेशमाचं गाव. तिथं ओनुकीबाईंच्या घरी राहून त्या किमोनो शिवायला शिकल्या. आमच्या शाळेत शिक्षिकेला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. इथल्या जपानी शब्दात जो धाक आहे तो मला 'बाई' याच शब्दात सापडतो. टीप वाकडी गेली तर ओनुकीबाई रागवत नसत. कापड उलटं करून नुसतं पुढ्यात ठेवत. म्हणजे उसव.

"पहिल्या वर्षी मी जेवढं शिवलं त्याहून जास्त उसवलं," ताई सांगतात.

"शिवलं तेवढंच उसवेल ना हो? जास्त कसं?"

"बाईंच्याकडे उसवायचं."

पुढे लोक लग्नापुरते किमोनो भाड्यानं आणू लागले आणि शिवायला येणारं रेशीम कमी कमी होत गेलं. पन्नाशीच्या आसपास ताईंनी गावच्या पत्रकात एक जाहिरात पाहिली. बारीक कामाची, सुईची सवय असलेली व्यक्ती हवी. शास्त्रज्ञांचे डगले शिवायचे असतील असं समजून त्या अंगुस्तान आणि कात्री घेऊन मुलाखतीला आल्या. सरांनी अंगुस्तान हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "इथं लागणार नाही. पण असू द्या."

काम त्यांना लगेच जमलं असं मुळीच नाही. कापडात सुई घुसवायची असते, इथं नुसती टेकवायची. जरा जास्त दाबलं की टोक वाकतं नाहीतर चौकट खरवडते. सुरुवातीला त्यांनी इतक्या सुया मोडल्या की नवीन मागवताना मी विचारलं, "ताई, खाताय का?" त्यांनी गोळ्यांची एक जुनी डबी काढून दाखवली. सगळ्या मोडक्या सुया तिच्यात होत्या. कचऱ्यात एकही टाकलेली नव्हती.

त्याचं कारण आठ फेब्रुवारी. त्या दिवशी युकीच्या देवळात शिवणाऱ्या बायका वर्षभरात मोडलेल्या सुयांना निरोप देतात. जन्मभर कडक कापडं टोचली, आता मऊ जागी निजा म्हणून तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, मोठ्या वडीत त्या खोचतात आणि हात जोडतात. त्या दिवशी कुठल्याही घरात सुईला हात लावायचा नाही, साधं बटणसुद्धा टाचायचं नाही. मला हे कधी वेगळं वाटलंच नाही. माझे वडील खंडेनवमीला पाना-पक्कड पुसून त्यावर हळदकुंकू वाहायचे, आणि आम्हा मुलांना त्या दिवशी त्यांच्या पेटीला हात लावू देत नसत.

सगळ्यांत वडील म्हणून तोफूच्या ताटाशी ओनुकीबाई बसत. नोकरी लागल्यावरच्या पहिल्याच वर्षी ताईंनी आपली डबी त्यांच्यापुढे उघडली.

"हे काय?" बाईंनी एक सुई उचलून उजेडात धरली. "नेढं कुठंय?"

"नसतं, बाई."

"मग दोरा कुठं ओवतेस?"

"ओवत नाही."

"नेढं नाही, दोरा नाही. याला खिळा म्हणतात, हात्सुए. सुताराला विचार, त्यांचा देव कुठं असतो."

सगळ्याजणी हसल्या. ताईही हसल्या आणि डबी पिशवीत टाकली. पण पुढच्या वर्षी पुन्हा नेली, आणि पुन्हा परत आणली. असं चालूच राहिलं. डबी भरली तेव्हा चहाचा डबा आला.

"कुठल्याही दुसऱ्या देवळात द्या की," मी म्हटलं. "तिथं कोण नेढं बघतंय?"

ताईंनी डब्यातलं लोणचं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "देव घेईल गं. देवाची काळजी नाही. बाईंनी एकदा सुई म्हणायला हवं. नाहीतर मी सुई सोडली असाच त्यांचा समज राहणार. आणि मी तर रोज सुईच धरतेय."

गेल्या वर्षीच्या जानेवारीत कळलं की बाई फेब्रुवारीअखेर सापोरोला मुलाकडे जाणार, कायमच्या. सत्त्याऐंशी वर्षं झाली, एकट्या कशा राहणार? म्हणजे येणारी आठ तारीख त्यांची देवळातली शेवटची. आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो. ताईंनी घरच्या वाळवलेल्या रताळ्याच्या फोडी नेल्या होत्या. बाईंनी एक फोड शेगडीवर शेकली, चावली आणि म्हणाल्या, "यंदा चिवट झालीत. नवरा म्हातारा झाला वाटतं." मग एकदम विचारलं, "आणि तुझे खिळे? आणणार असशीलच."

"आणणार, बाई."

"बरं, मला एक सांग. आठ तारखेला त्यांना सुट्टी असते?"

"मी दरवर्षी सुट्टी घेते, बाई. एकदाही चुकवली नाही."

"तुझं नाही विचारलं. त्यांचं विचारलं."

ताईंनी हातातली फोड परत बशीत ठेवली.

परतीच्या वाटेवर ताई गाडी चालवत होत्या. शेतातून त्सुकुबाच्या डोंगरावरचा गार वारा गाडीला ढकलत होता. मग म्हणाल्या, "अगं, मी तिकडे देवळात हात जोडून उभी, आणि त्या इकडे राबतायत. इतकी वर्षं. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही बघ." मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी खिडकीबाहेर बघितलं.

खरंच होतं ते. ताई रजेवर गेल्या तरी सुया चिपवर टेकलेल्याच असत आणि मोजमाप चालूच असे. त्या वर्षी तर कलिंगडाच्या चिपवर त्या शरदापासून टेकून होत्या. शिकलेलं टिकतंय का हे बघायला चिपला सतत टिचक्या ऐकवत होते. आणि उत्तरं हळूहळू चुकायला लागली होती, त्यामुळे सरांचा चेहराही उतरलेला.

ताईंनी चेस्टनटच्या मिठाईचा डबा घेतला, मला सोबत घेतलं आणि सरांच्या खोलीत गेल्या. इथं नोकरी सोडतानाही अशी मिठाई देतात. सर डब्याकडे बघून, ताईंना आडनावानं हाक मारत म्हणाले, "नेमोतोसान, राजीनामा तर नाही ना?"

"नाही. आठ तारखेला सुया उचलून ठेवायच्या होत्या. एक दिवस."

त्यांनी कारण सांगितलं. सर हसले नाहीत. हसतील कसे, त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर देवळातला ताईत बांधलेला आहे. अडचण वेगळीच होती. चिपच्या चौकटी झिजल्या होत्या. प्रत्येक वेळी सुई टेकताना धातू थोडा खरवडला जातो, आणि काही ठिकाणी आता तो नावाला उरला होता. सुई उचलायची म्हणजे पुन्हा टेकवायची, आणि टेकवताना घसरली तर शिकवलेलं आत राहणार, पण विचारायला दार उरणार नाही.

सर उठून खिडकीशी गेले. "मला एक शंका आहे," ते म्हणाले. "दिवसरात्र आपण त्याला विचारतोय, पिकलंय का, पिकलंय का. विचारताना जी जराशी वीज जाते, तिनंच ते बिघडत असेल. थांबवून बघायला हवं होतं. माझाच धीर झाला नाही." मग डबा उघडून एक मिठाई उचलली. "उचला. पण टेकवायच्याही तुम्हीच."

"आणि घसरली तर?"

"तर पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या यजमानांना पुन्हा टिचक्या मारायला बसवू."

सात तारखेच्या संध्याकाळी ताईंनी एकेक स्क्रू उलटा फिरवून सगळ्या सुया वर घेतल्या. पडद्यावरच्या रेघा सरळ झाल्या. त्यांनी यंत्रावर धुतलेलं फडकं घातलं, बाळाच्या पाळण्यावर घालावं तसं, आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी देवळात बाईंपुढे त्यांनी डबी आणि चहाचा डबा ठेवला.

"सुट्टी दिली?" बाईंनी विचारलं.

"दिली, बाई."

"आत्ता काय करतायत?"

"काही नाही. हवेत आहेत."

"दाखव."

ताईंना वाटलं डबा दाखव म्हणतायत. त्यांनी झाकण काढलं.

"ह्या नव्हेत. त्या सुट्टीवरच्या. मला बघायच्यात." आणि बाई ताटाशेजारून उठल्या. शेजारच्या बायकांनी वाट करून दिली. भटजींनी विचारलं, "बाई, विधी?" बाई म्हणाल्या, "तोफू कुठं पळून जात नाही."

वाटेत बाई मागच्या सीटवर ताठ बसून होत्या. "गाडीसुद्धा टीप घातल्यासारखी चालवतेस," म्हणाल्या. "सरळ आहे, पण अशानं किमोनो कधी संपायचा?"

प्रयोगशाळेत सरांनी दारापर्यंत येऊन त्यांना नमस्कार केला. बाईंना डगला घातला, डोक्यावर टोपी चढवली. इतक्या वर्षांचा नीट बांधलेला अंबाडा टोपीत कोंबताना मला भीती वाटत होती, पण त्यांनीच मान पुढे केली. ताईंनी फडकं बाजूला केलं. भिंगाखालचं सगळं मोठ्या पडद्यावर दिसत होतं. सहा उभ्या तारा, सहा आडव्या, आणि वर अंतराळी थांबलेल्या बारा सुया.

बाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "हे ओरखडे तुझे?"

"हो, बाई."

"अजून दाबतेस."

"कमी झालंय, बाई."

"आणि खाली हे कापडासारखं काय आहे?"

सरांनी सांगितलं, तार तारेवरून जाते तिथं आठवण असते, किती वीज गेली त्याची. वीज थांबली तरी ती राहते. बाईंनी मान डोलावली. "घडी," त्या म्हणाल्या. "रेशीम उसवलं तरी जुनी घडी कळते. वाफ दिली तरी थोडी कळतेच. यात नवीन काय केलंत?"

"आम्ही तिला कलिंगड ओळखायला शिकवलं," सर म्हणाले.

"रेशमाला कलिंगड कशाला पाहिजे?" बाई म्हणाल्या, आणि सर मोठ्यानं हसले.

"सुया पाहिल्यात ना, बाई?" ताईंनी हळूच विचारलं.

"पाहिल्या. सुट्टीवर आहेत, खरं आहे. पण खिळ्यालाही सुट्टी देता येते." ताईंची मान खाली गेली. त्या फडक्याची घडी घालू लागल्या.

सरांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी कपाटातून कोरी सुई काढली, मी मागवलेल्यांतली, आणि बाईंच्या हातात दिली. "दुरून कळत नाही. धरून बघा."

बाईंनी ती चिमटीत धरली. बोटांत एकदा फिरवली, टोक कुठल्या बाजूला आहे ते डोळ्यांनी नाही, बोटांनी पाहिलं. आणि मग त्यांचा हात आपोआप वर गेला, कानामागच्या केसांकडे. टोपीला लागला आणि थांबला.

"हं," बाई म्हणाल्या.

मी ताईंकडे पाहिलं. ताई जागच्या हलत नव्हत्या. बाईंनी हात खाली घेतला आणि तळव्यावरच्या त्या सुईकडे बघत राहिल्या. खूप वेळ बघितलं.

"हात्सुए."

"हो, बाई."

"तोफू आण. डब्यातल्या मोडक्यांना इथंच घालू. आता परत एवढं अंतर हलवत नेऊ नकोस." ताई दाराकडे धावल्या तसं मागून म्हणाल्या, "अगं, ऐकून तरी घे. देवळातला घट्ट सुती तोफू नको. इतक्या बारीक सुया आहेत, त्यांना मऊ लागेल. रेशमी आण."

ताई बाहेर पडल्या त्या डोळे पुसतच. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यांनी रेशमी तोफूची पाकिटं आणली, सगळी होती नव्हती ती. उपाहारगृहातल्या टेबलावर मी बशा मांडल्या. डबी रिकामी केली, चहाचा डबा रिकामा केला. बाईंनी पहिली सुई खोचली आणि पुटपुटल्या, "पुष्कळ केलंस, सुई." दुसरी ताईंनी. मग सरांनी दोन, मग मी. मी मनात माझ्या देवाचं नाव घेतलं. जेवायला आलेले दोघेतिघे शास्त्रज्ञ थाळ्या घेऊन उभे होते. एकानं विचारलं, "हे खायचं आहे का?" बाईंनी त्याच्याकडे बघितलं, तो सूप घेऊन लांब जाऊन बसला.

त्या रात्री बाई ताईंकडेच राहिल्या. सकाळी निघताना त्यांनी ताईंना एवढंच सांगितलं, "श्वास सोडताना टेकव. घेताना नको. हे मी तुला आधीही सांगितलंय." प्रयोगशाळेत ताईंनी टोपीला हात लावला, "हं" म्हटलं आणि सुया उतरवायला घेतल्या. आम्ही मागे उभे होतो, सर तर भिंतीला टेकून. एक सुई काठावर गेली, सगळ्यांनी श्वास धरला, ती चौकटीच्या उरल्यासुरल्या धातूवर अडकली आणि राहिली. बाकीच्या नीट बसल्या. सरांनी पहिली टिचकी ऐकवली. पिकलेलं, चिप म्हणाली. बरोबर. दुसरी, कच्चं. बरोबर. दिवसभराच्या विश्रांतीत ती काही विसरली नव्हती. तेव्हापासून सर तिला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदाच विचारतात, आणि उत्तरं पूर्वीइतकी घसरत नाहीत.

ताईंनी बाईंना फोन करून सांगितलं. "कलिंगड ओळखलं म्हणजे झालं काय," बाई म्हणाल्या. "अजून दाबतेसच ना?"

यंदाच्या आठ फेब्रुवारीला बाई सापोरोत होत्या. ताटाशी बसायला सगळ्यांनी हात्सुएताईंना सांगितलं. त्यांच्याहून वडील दोघीतिघी होत्या, पण बाईंचा निरोप आला होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. ताईंनी दोन ताटं मांडली, एक सुती तोफूचं आणि एक रेशमी. मी तिकडे उदबत्त्या लावत होते.

दुपारी एक मध्यम वयाचे गृहस्थ आले. बायकांच्या गर्दीत अवघडून उभे राहिले. खिशातून कागदाची पुडी काढली आणि म्हणाले, "माझा सुईउपचाराचा दवाखाना आहे. रोग्यांना टोचतो त्या सुया. यांना नेढं नसतं. चालतील का, विचारायला आलो."

मागच्या एकदोघी हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुडी उघडून एक सुई चिमटीत धरली आणि कानामागे केसांवरून एकदा फिरवली. टोपी नव्हती.

"नेढ्याचं असू द्या," त्या म्हणाल्या. "आज दवाखाना बंद ठेवलाय ना, तेवढं सांगा."

"ठेवलाय."

ताईंनी रेशमी तोफूचं ताट त्यांच्याकडे सरकवलं.